वाचकांचे प्रश्न : खान दांपत्य, ट्रम्प आणि व्यासपीठावर उभी असलेली आई

अमेरिकेतील अध्यक्षीय निवडणुकांचा जो धावता आढावा गेल्या अंकात घेतला होता, त्यात २०१६ सालच्या प्रचारातील एक प्रसंग आम्ही एका वाक्यात उरकला होता. ‘इराकमध्ये मुलगा गमावलेल्या एका मुस्लिम दांपत्याशी ट्रम्प यांनी भर प्रचारात भांडण उकरून काढले,’ असे ते वाक्य होते. उरलेल्या लेखावर आली नाहीत इतकी पत्रे या एका वाक्यावर आली. त्यांतील निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि दोन पत्रांमधील संतापाचा मजकूर गाळला आहे. त्यांतले प्रश्न मात्र ठेवले आहेत.

प्रश्न : हे दांपत्य कोण, त्यांचा मुलगा कसा गेला आणि वादाला तोंड कोठे फुटले, हे क्रमाने सांगाल का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : खिझर खान आणि त्यांच्या पत्नी गझाला हे मूळचे पाकिस्तानचे. खिझर खान यांनी लाहोरच्या पंजाब विद्यापीठात कायद्याचे शिक्षण घेतले, काही काळ आखाती देशात काढला आणि १९८० साली हे कुटुंब अमेरिकेत आले. पुढे हार्वर्डमधूनही त्यांनी कायद्याची पदवी घेतली. त्यांच्या तीन मुलांपैकी हुमायून हा मधला. त्याचे शालेय शिक्षण मेरीलँडमधील सिल्व्हर स्प्रिंग येथे झाले. व्हर्जिनिया विद्यापीठात शिकत असताना त्याने लष्करी अधिकारी होण्याचे प्रशिक्षण घेतले आणि २००० साली तो पदवीधर झाला. वडिलांप्रमाणे वकील होण्याचा त्याचा विचार होता.

इराकमध्ये बगदादच्या ईशान्येस बाकुबा नावाचे शहर आहे. तेथील लष्करी तळाच्या फाटकावर ८ जून २००४ रोजी कॅप्टन हुमायून खान आपल्या सैनिकांची पाहणी करत असताना एक टॅक्सी फाटकाच्या रोखाने येऊ लागली. त्यांनी सैनिकांना मागे थांबून जमिनीवर पडून राहण्यास सांगितले आणि गाडी थांबवण्यासाठी ते स्वतः पुढे गेले. वडील ज्या आकड्याचा उल्लेख पुन्हा पुन्हा करत आले आहेत, तो म्हणजे दहा पावले. टॅक्सीत स्फोटके होती. वयाच्या २७ व्या वर्षी हुमायून गेले; मागे थांबलेले सैनिक वाचले. त्यांना मरणोत्तर ‘ब्राँझ स्टार’ आणि ‘पर्पल हार्ट’ ही पदके मिळाली आणि वॉशिंग्टनजवळच्या आर्लिंग्टन राष्ट्रीय दफनभूमीत, इराक आणि अफगाणिस्तानमधील मृतांसाठी असलेल्या साठाव्या विभागात त्यांचे दफन झाले.

त्यानंतरची अकरा वर्षे या कुटुंबाचे नाव देशभर फारसे कोणाला ठाऊक नव्हते. डिसेंबर २०१५ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनो येथे झालेल्या गोळीबारानंतर, ७ तारखेला, रिपब्लिकन पक्षाच्या उमेदवारीसाठी उभे असलेले डोनाल्ड ट्रम्प यांनी मुसलमानांचा अमेरिकेतील प्रवेश संपूर्णपणे बंद करावा अशी मागणी केली. त्यावर एका वार्ताहराने खिझर खान यांचे मत विचारले. ती मुलाखत क्लिंटन यांच्या प्रचारकांच्या वाचनात आली आणि २८ जुलै २०१६ रोजी, फिलाडेल्फिया येथील डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनाच्या अखेरच्या रात्री, हिलरी क्लिंटन यांच्या भाषणापूर्वी खान दांपत्य व्यासपीठावर आले. खिझर खान सहा-सात मिनिटे बोलले. बोलता बोलता त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून अमेरिकी राज्यघटनेची छोटी पुस्तिका काढली, ती उंच धरली आणि ट्रम्प यांना उद्देशून विचारले की, तुम्ही ही घटना कधी वाचली तरी आहे का? नसेल तर माझी प्रत आनंदाने देतो. तीत स्वातंत्र्य आणि कायद्याचे समान संरक्षण हे शब्द शोधा. पुढे त्यांनी आर्लिंग्टनला कधी गेला आहात का, असे विचारले आणि शेवटी म्हणाले : ‘तुम्ही कशाचाही त्याग केलेला नाही आणि कोणालाही गमावलेले नाही.’

वादाला तोंड फुटले ते या वाक्याने.

प्रश्न : म्हणजे पहिला वार खान यांनीच केला. राजकीय पक्षाच्या व्यासपीठावरून कोणी आपले नाव घेऊन टीका केली, तर उमेदवाराने उत्तर देऊ नये काय? आपण ‘भांडण उकरून काढले’ असे लिहिलेत, ते एकतर्फी नाही का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : ‘उकरून काढले’ हा शब्दप्रयोग चुकला, हे मान्य. खिझर खान कोणाच्या दारी सांत्वन घ्यायला आले नव्हते. ते निवडणुकीच्या सभेत, एका पक्षाच्या बाजूने, दुसऱ्या पक्षाच्या उमेदवाराविरुद्ध बोलले. अशा भाषणाला उत्तर मिळणारच आणि ते मिळायलाही हवे. ‘माझ्यावर जहरी हल्ला झाला, मला उत्तर देण्याची मुभा नाही काय?’ अशा अर्थाचे ट्रम्प यांनी ३१ जुलैला ट्विटरवर लिहिले, तेव्हा तत्त्वतः त्यांच्या प्रश्नात वावगे काही नव्हते.

शिवाय त्यांच्या हाती एक खरा मुद्दाही होता. हुमायून ज्या युद्धात गेले, त्या युद्धाला परवानगी देणाऱ्या ठरावाच्या बाजूने सिनेटर हिलरी क्लिंटन यांनी २००२ साली मत दिले होते. ‘तुमचा मुलगा ज्या निर्णयामुळे इराकला गेला, त्या निर्णयात सहभागी असलेल्या व्यक्तीसाठी तुम्ही मत मागत आहात,’ असे कोणी म्हटले असते, तर ते कठोर झाले असते, परंतु गैरलागू झाले नसते. ट्रम्प हे बोललेही. ९ ऑक्टोबरच्या सेंट लुईस येथील चर्चेत, मी तेव्हा अध्यक्ष असतो तर कॅप्टन खान आज जिवंत असते, असे ते म्हणाले. स्वतः ट्रम्प यांनी २००२ साली एका रेडिओ कार्यक्रमात, इराकवर हल्ला करावा काय, या प्रश्नाला ‘हो, तसेच वाटते’ अशा धाटणीचे उत्तर दिले होते, तेवढी अडचण मात्र राहतेच.

पण जुलैअखेरच्या मुलाखतीत त्यांनी जे उत्तर निवडले, ते हे नव्हते. एबीसी वाहिनीवर मुलाखतकाराने त्यांना विचारले की, तुम्ही कोणता त्याग केला आहे? त्यावर ते म्हणाले की, मी खूप कष्ट केले आहेत, हजारो नोकऱ्या निर्माण केल्या आहेत, मोठमोठ्या इमारती उभारल्या आहेत. हे त्याग आहेत का, असे मुलाखतकाराने पुन्हा विचारले, तेव्हा ‘अर्थात’ असे उत्तर आले. ज्या उमेदवाराला व्हिएतनाम युद्धाच्या काळात सक्तीच्या लष्करभरतीतून चार वेळा शिक्षणासाठी आणि एकदा टाचेच्या हाडाच्या दुखण्यासाठी सवलत मिळालेली होती, त्याच्या तोंडी हे उत्तर कसे दिसले असेल, याची कल्पना वाचकांनी करावी. २ ऑगस्टला व्हर्जिनियातील एका सभेत एका निवृत्त सैनिकाने आपले ‘पर्पल हार्ट’ पदक त्यांना भेट दिले, तेव्हा हे पदक मला नेहमीच हवे होते, अशा रीतीने मिळवणे बरेच सोपे गेले, असेही ते म्हणाले. हे पदक शत्रूच्या हल्ल्यात जखमी झालेल्याला किंवा मृत्यू पावलेल्याच्या कुटुंबाला मिळते.

प्रश्न : ‘गोल्ड स्टार’ कुटुंब हा काय प्रकार आहे? (एक वाचक, अहिल्यानगर)

उत्तर : आपल्याकडे वीरमाता, वीरपिता, वीरपत्नी म्हणतात, त्याच्या जवळचा. पहिल्या महायुद्धात अमेरिकेत ज्या घरचा माणूस सैन्यात असे, ते घर खिडकीत निळ्या ताऱ्याचे छोटे निशाण लावत असे. माणूस युद्धात गेला की निळ्या ताऱ्यावर सोनेरी तारा शिवला जाई. निशाण मागे पडले, शब्द राहिला. फरक एवढाच की आपल्याकडे हे शब्द सत्काराच्या कार्यक्रमात अधिक ऐकू येतात, तर तेथे या कुटुंबांना राजकारणात जवळजवळ अस्पर्श मानण्याचा रिवाज आहे. ही कुटुंबे काहीही बोलली तरी ऐकून घ्यायचे आणि उलट उत्तर द्यायचे नाही, असा तो रिवाज. इराकमध्ये मुलगा गमावलेली सिंडी शीहान ही आई २००५ सालच्या ऑगस्टमध्ये अध्यक्ष बुश यांच्या टेक्सासमधील घराबाहेर तळ ठोकून बसली होती आणि त्यांना वाटेल तसे बोलत होती. बुश यांनी तिची पुन्हा भेट घेतली नाही, पण तिच्याविरुद्ध वैयक्तिक शब्दही काढला नाही.

प्रश्न : मला राजकारणात रस नाही. मी त्या भाषणाची चित्रफीत पाहिली. वडील बोलत होते आणि आई शेजारी निळसर ओढणी डोक्यावरून घेऊन उभी होती. ती एक शब्दही बोलली नाही, हे मलाही खटकले होते. ट्रम्प यांनी तेवढेच विचारले, तर त्यात एवढे काय चुकले? (एक वाचिका, कोल्हापूर)

उत्तर : सगळ्या पत्रांमधील हा सर्वांत प्रामाणिक प्रश्न आहे आणि माझ्या मते वादाचे मूळही येथेच आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

प्रथम एबीसी वाहिनीवरच्या त्याच मुलाखतीत ट्रम्प नेमके काय म्हणाले ते पाहू. त्यांची बायको तेथे नुसती उभी होती, तिच्याजवळ बोलायला काही नव्हते, कदाचित तिला बोलायची परवानगी नसेल, तुम्हीच सांगा, असे त्यांचे म्हणणे होते. ‘ती का बोलली नाही’ हा प्रश्न झाला. तो तुम्हालाही पडला, मलाही पडला होता. ‘तिला परवानगी नसेल’ हा मात्र प्रश्न नव्हता. ते एका स्त्रीला न विचारता, तिच्या धर्मावरून काढलेले उत्तर होते आणि ‘तुम्हीच सांगा’ म्हणून त्याची जबाबदारी ऐकणाऱ्यावर ढकललेली होती. गावगप्पांत ‘आपण काही बोलत नाही बुवा, पण लोक म्हणतात’ असे म्हणून जी गोष्ट पेरली जाते, तिची ही तऱ्हा आपल्याला परकी नाही.

विचारायचे झाले असते, तर उत्तर दूर नव्हते. ती मुलाखत दाखवली जाण्याच्या आधीच, २९ जुलैच्या रात्री, गझाला खान दुसऱ्या एका वाहिनीवर बोलल्या होत्या. मुलाचे छायाचित्र मी पाहू शकत नाही, ज्या खोलीत त्याची छायाचित्रे आहेत त्या खोलीत मला जाता येत नाही, असे त्यांनी तेथे सांगितले. त्या रात्री व्यासपीठावर त्यांच्या पाठीमागे हुमायूनचे छायाचित्र मोठ्या पडद्यावर होते. आता ती चित्रफीत पुन्हा पाहा. त्या मागे वळून पाहत नाहीत.

मग ३१ जुलैला त्यांनी स्वतःच्या नावाने ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये लेख लिहिला. बोलायचे आहे का, असे पतीने मला विचारले होते, मीच नाही म्हणाले, असे त्यांनी त्यात स्पष्ट केले. त्या लेखातले राजकारण मी विसरलो, पण दोन-तीन गोष्टी विसरता आलेल्या नाहीत. घरात आपण व्हॅक्यूमने केर काढत असलो आणि हुमायून घरी असला, तर तो हातातून यंत्र काढून घेई आणि घर स्वतः साफ करी, असे त्या लिहितात. मुलगा गेल्याला बारा वर्षे झाली तरी त्याच्या कपड्यांचे कपाट आपल्याला आवरता आले नाही, शेवटी सुनेला ते काम सांगावे लागले, असेही लिहितात. आपल्याकडे घरातले माणूस गेले की त्याची पेटी किंवा कपाट कोण उघडणार, यावर महिनोन्महिने घर अडून राहते. ज्याने ते पाहिले आहे, त्याला हे वाक्य समजावून सांगावे लागणार नाही.

आणखी एक गोष्ट. १९६५ सालच्या भारत-पाकिस्तान युद्धाच्या वेळी आपण शाळेत होतो आणि फार घाबरलो होतो, असे त्यांनी त्याच लेखात सांगितले आहे. ज्या युद्धाच्या आठवणी आपल्या घराघरांत निराळ्या बाजूने सांगितल्या जातात, त्याच युद्धात सीमेपलीकडे ही मुलगी होती. माणूस स्वतःचा जीव देऊ शकतो, पण आपल्या मुलाने तो द्यावा हे सोसत नाही, असे त्या पुढे म्हणतात. मुलगा इराकला निघाला, तेव्हा न जाण्याची काही वाट आहे का, असे त्यांनी त्याला विचारले होते. २००४ च्या मातृदिनी त्याच्याशी अखेरचे बोलणे झाले, तेव्हा मागे राहा, उगाच वीर व्हायला धावू नकोस, अशी विनवणी केली होती. हे माझे सैनिक आहेत, त्यांची काळजी मलाच घ्यायला हवी, असे तो म्हणाला. महिनाभरानंतर टॅक्सी आली.

तेव्हा आपल्याला जे खटकले, ते खटकणे चूक नव्हते. फक्त मौनाचे कारण ओढणीत शोधायचे की पाठीमागच्या पडद्यावर, एवढाच प्रश्न होता.

प्रश्न : आर्लिंग्टनमध्ये मुलाच्या थडग्याच्या दगडावर डोके टेकवून बसलेल्या एका मुस्लिम आईचे छायाचित्र फार गाजले होते. त्याच या गझाला खान ना? (एक वाचक, पुणे)

उत्तर : नाही. आडनाव एक, शहर एक आणि दफनभूमीचा विभागही तोच, म्हणून हा घोटाळा पुष्कळांचा होतो. ते छायाचित्र करीम रशाद सुलतान खान या न्यू जर्सीत वाढलेल्या वीस वर्षांच्या सैनिकाच्या आईचे आहे. तो ऑगस्ट २००७ मध्ये बाकुबा येथेच मारला गेला. माजी परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी ऑक्टोबर २००८ मध्ये, स्वतः रिपब्लिकन असूनही ओबामा यांना पाठिंबा जाहीर करताना, या छायाचित्राचा उल्लेख केला होता. ओबामा मुसलमान आहेत अशी कुजबुज तेव्हा चालू होती. ते मुसलमान नाहीत, ख्रिस्ती आहेत, हे बरोबर उत्तर झाले; परंतु खरे उत्तर असे की, असले तर बिघडले कोठे, असे पॉवेल म्हणाले आणि मग त्यांनी त्या दगडावरच्या चंद्रकोरीचे आणि ताऱ्याचे वर्णन केले. खान दांपत्याचा वाद त्यानंतर आठ वर्षांनी झाला.

प्रश्न : त्याच महिन्यात रिपब्लिकन अधिवेशनात बेनगाझीत मुलगा गमावलेल्या आईने हिलरी क्लिंटन यांच्यावर आरोप केले होते. त्या आईसाठी कोणी अश्रू ढाळले नाहीत. दुःखातही पक्ष पाहिला जातो, असेच ना? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : बऱ्याच अंशी, हो. १८ जुलै २०१६ रोजी क्लीव्हलँड येथे पॅट्रिशिया स्मिथ बोलल्या. त्यांचा मुलगा शॉन परराष्ट्र खात्याच्या नोकरीत होता आणि लिबियातील बेनगाझी येथे सप्टेंबर २०१२ मधील हल्ल्यात मारला गेला होता. मुलाच्या मृत्यूसाठी मी हिलरी क्लिंटन यांना व्यक्तिशः जबाबदार धरते, असे त्या म्हणाल्या. वृत्तपत्रांतून त्यांना मिळालेली जागा खान दांपत्याच्या तुलनेत तोकडी होती आणि काही टीकाकारांनी त्यांच्याविषयी जे लिहिले, ते वाचवत नाही. दोन्ही पक्षांनी आपापल्या व्यासपीठावर एकेक शोकग्रस्त घर उभे केले, हे नाकारून चालणार नाही. तो दोन्हीकडील प्रचारयंत्रणांचा हिशेब होता.

मात्र आपला प्रश्न माध्यमांविषयीचा आहे आणि वाद उमेदवाराविषयीचा होता. ज्या रविवारी ट्रम्प यांची ती मुलाखत दाखवली गेली, त्याच रविवारी दुसऱ्या एका वाहिनीवर क्लिंटन यांना स्मिथ यांच्या आरोपांबद्दल विचारण्यात आले. त्यांनी आरोप फेटाळला, पण मुलगा गमावलेल्या व्यक्तीला त्या क्षणी कोण काय बोलले हे नेमके आठवत नसेल, तर त्याबद्दल माझ्या मनात राग नाही, असे त्या म्हणाल्या. हे उत्तर फार उदार होते असे मी म्हणणार नाही. आईची आठवण चुकली असे त्यात सुचवलेले आहेच. अनुभवी राजकारणी जपून बोलला, इतकेच.

प्रश्न : ट्रम्प यांच्या पक्षातील लोकांनी काय केले? (एक वाचक, सांगली)

उत्तर : बोलले पुष्कळ, केले थोडे. सिनेटर जॉन मॅकेन स्वतः व्हिएतनाममध्ये साडेपाच वर्षे युद्धकैदी होते. त्यांनी १ ऑगस्टला लांबलचक निवेदन काढले, उमेदवारी मिळाली म्हणजे आपल्यातील श्रेष्ठ माणसांची बदनामी करण्याचा मोकळा परवाना मिळाला असे होत नाही असे बजावले आणि अमेरिकेत आल्याबद्दल खान दांपत्याचे आभार मानले. प्रतिनिधिगृहाचे तेव्हाचे सभापती पॉल रायन आणि सिनेटमधील पक्षनेते मिच मॅककॉनेल यांनीही कुटुंबाची बाजू घेतली; दोघांनीही ट्रम्प यांचे नाव न घेता. माजी सैनिकांच्या सर्वांत जुन्या संघटनांपैकी एकीने जाहीर निषेध केला. परंतु पाठिंबा त्या आठवड्यात यांपैकी कोणीच काढून घेतला नाही. न्यूयॉर्कचे प्रतिनिधी रिचर्ड हॅना यांनी मात्र २ ऑगस्टला आपण क्लिंटन यांना मत देणार असल्याचे जाहीर केले.

प्रश्न : खान वकील आहेत. परदेशी नागरिकाला देशात येऊ द्यायचे की नाही, हा सार्वभौम राष्ट्राचा अधिकार आहे. मग घटनेची पुस्तिका दाखवण्यात कायद्याचा भाग किती आणि नाट्याचा किती? (एक वकील वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : निम्मा-निम्मा, आणि नाट्याचे पारडे किंचित जड.

‘कायद्याचे समान संरक्षण’ हे शब्द अमेरिकी घटनेच्या १८६८ सालच्या चौदाव्या दुरुस्तीत आहेत. ते यादवी युद्धानंतर, गुलामगिरीतून सुटलेल्यांसाठी लिहिले गेले आणि मुळात घटक राज्यांवर बंधन घालणारे आहेत. केंद्र सरकारला तेच तत्त्व पाचव्या दुरुस्तीतून लागू होते, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली ठरवले. शब्द ‘नागरिक’ असा नसून ‘व्यक्ती’ असा आहे, त्यामुळे देशात असलेल्या परकीयालाही त्याचा लाभ मिळतो. पण जो अजून विमानात बसलेलाच नाही, त्याला हे संरक्षण पोहोचते असे म्हणणे कायद्याने अवघड आहे. आपल्या घटनेच्या अनुच्छेद १४ मधील ‘कायद्याचे समान संरक्षण’ हा अर्धा भाग याच अमेरिकी दुरुस्तीवरून आलेला आहे आणि तेथेही ‘व्यक्ती’ हाच शब्द आहे, हे आपणास सांगायला नकोच.

पुढे काय झाले, तेही पाहण्यासारखे आहे. ट्रम्प अध्यक्ष झाले आणि २७ जानेवारी २०१७ रोजी त्यांनी सात मुस्लिमबहुल देशांच्या नागरिकांवर प्रवेशबंदीचा आदेश काढला. तो न्यायालयांत अडला, दोनदा बदलला गेला आणि तिसऱ्या रूपात २६ जून २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी उचलून धरला. देशांच्या यादीत तोवर उत्तर कोरिया आणि व्हेनेझुएला यांची भर पडली होती आणि आदेशाच्या मजकुरात धर्माचा उल्लेख नव्हता. म्हणजे २०१५ साली मागितलेली धर्मावर उघड बोट ठेवणारी बंदी कधी आलीच नाही. आली ती तिची कायद्यात बसेल अशी शिवलेली आवृत्ती. खान यांची पुस्तिका न्यायालयात हरली असे कोणी म्हणेल, पण मला वाटते की मूळ मागणी जशीच्या तशी आदेशात लिहिता आली नाही, यामागे त्याच कलमांचा धाक होता. अध्यक्ष बायडन यांनी २० जानेवारी २०२१ रोजी, पदावर येताच, ही बंदी रद्द केली.

प्रश्न : आम्ही येथे पंचवीस वर्षे आहोत. आमच्यापैकी अनेकांना तेव्हा वाटले की हा मुसलमानांचा आणि ट्रम्प यांचा प्रश्न आहे, त्यात आपण पडू नये. आपण काय म्हणाल? (एक वाचिका, एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर : आपल्याच गावात १५ ऑक्टोबर २०१६ रोजी ट्रम्प यांची सभा झाली होती. तेथे ते आपण हिंदूंचे आणि भारताचे मोठे चाहते असल्याचे म्हणाले आणि सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला. त्यामुळे तसे वाटण्याला आधार होता, हे मी समजू शकतो. मात्र हेही लक्षात असावे की खान कुटुंब आणि आपल्यापैकी बहुतेक मराठी कुटुंबे एकाच दारातून अमेरिकेत शिरली. देशावार कोटा मोडून आशियातील माणसाला वाट देणारा १९६५ चा कायदा, हे ते दार. त्याच्या आधी, १९२३ साली, त्याच सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद या पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात नोकरी केलेल्या भारतीयाला, तो गोरा नाही म्हणून, नागरिकत्व नाकारले होते. गणवेश तेव्हाही पुरला नव्हता.

आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये कॅन्सस राज्यातील ओलेथा येथे एका मद्यालयात दोन भारतीय अभियंत्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्यांतील एकाचा मृत्यू झाला. मारणाऱ्याने त्यांना इराणी समजले होते.

प्रश्न : या वादाचा निकालावर काही परिणाम झाला का? आणि खान दांपत्याचे पुढे काय झाले? (अनेक वाचक)

उत्तर : ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात जनमत चाचण्यांत क्लिंटन यांची आघाडी वाढली, त्यात या प्रकरणाचा वाटा होता असे तेव्हा सगळेच लिहीत होते. नोव्हेंबरपर्यंत ती आघाडी विरली. क्लिंटन यांना देशभरात २८ लाखांहून अधिक मते जास्त मिळाली, पण मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनिया या तीन राज्यांत मिळून सुमारे ७८ हजार मतांनी बाजी उलटली. ज्या पेनसिल्व्हेनियात खान यांनी ती पुस्तिका उंच धरली होती, ते राज्य ट्रम्प यांच्याकडे गेले. तेव्हा भाषणाने निवडणूक फिरली नाही.

खिझर खान यांच्याविषयी त्या ऑगस्टमध्ये समाजमाध्यमांवर नाना अफवा पसरवल्या गेल्या. अतिरेकी संघटनांशी त्यांचा संबंध जोडला गेला आणि त्याचा पुरावा कोणी दिला नाही. ते मात्र बोलत राहिले. बायडन यांच्या काळात त्यांची आंतरराष्ट्रीय धार्मिक स्वातंत्र्यविषयक आयोगावर नेमणूक झाली आणि जुलै २०२२ मध्ये अध्यक्षांकडून दिले जाणारे ‘मेडल ऑफ फ्रीडम’ हे सर्वोच्च नागरी पदक त्यांना मिळाले. गझाला खान त्या लेखानंतर फारशा बोलल्या नाहीत.

प्रश्न : खिशात मावणारी ती घटनेची पुस्तिका कोणती? आपल्या घटनेची तशी मिळते का? (एक विद्यार्थी, लातूर)

उत्तर : अमेरिकेत ती साधारण एका डॉलरला मिळते, त्या भाषणानंतरच्या काही दिवसांत ॲमेझॉनवर सर्वाधिक खपाच्या पुस्तकांत ती वरच्या क्रमांकांवर जाऊन बसली. मूळ अमेरिकी घटना अवघ्या साडेचार हजार शब्दांच्या आसपास आहे, म्हणून ती खिशात सहज मावते. खान यांच्या घरी तिच्या प्रतींचा गठ्ठाच असे आणि येणाऱ्या पाहुण्याला ते एक प्रत देत. आपली घटना त्या मानाने बरीच मोठी. इंग्रजीतील लाल वेष्टनाची, कोटाच्या खिशात बसणारी आवृत्ती कायद्याच्या पुस्तकांच्या दुकानात मिळते. २०२४ च्या लोकसभा प्रचारात सभांमधून दाखवली जात होती तीच. मराठीतील ‘भारताचे संविधान’ शासकीय ग्रंथागारात मागावे. ते खिशात मावणार नाही, पिशवी घेऊन जावे.